स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांस शुश्रूषाकेंद्रात ठेवताना

बार्शी, वैराग, पांगरी या बाजूच्या वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांनी पुनःपुन्हा विचारला जातो. वडील रात्री-अपरात्री दाराची कडी काढून बाहेर पडतात, आई पोटच्या मुलाला परका समजून ओरडते, घरच्या सुनेला दिवसा उसंत नाही आणि रात्री डोळा लागत नाही. अशा अवस्थेत त्यांस एखाद्या केंद्रात ठेवावे काय, ठेवावे तर कोठे, आणि ठेवण्यापूर्वी कोणती कामे उरकून घ्यावीत? हा प्रश्न आपल्या एकट्याच्या घराचा आहे असे कोणी मानू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीप्रमाणे साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अदमासे ८८ लाख लोक, डिमेन्शियाने, म्हणजे स्मृतिभ्रंशाने, ग्रस्त आहेत, आणि त्याचे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले आहे.

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार उशिरा होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातला वृद्ध पडून खुब्याचे हाड मोडून घेतो, किंवा भगवंताच्या देवळाकडे म्हणून निघतो आणि रात्रभर शोधल्यावर भलत्याच रस्त्याला सापडतो, तेव्हा कोठे भावंडे एकत्र बसतात. परंतु तोवर रुग्णाचे मत विचारण्याची वेळ निघून गेलेली असते, त्याची सही कायद्याने निरुपयोगी झालेली असते, आणि भावाभावांतील सामंजस्यही बहुधा संपुष्टात आलेले असते. म्हणून पुढील मजकूर, ज्यांच्या घरी आजार नुकताच ओळखला गेला आहे, त्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

आधी निदानाची खातरजमा

"वय झाले, आता असेच चालायचे" असे म्हणून विसराळूपणाची वासलात लावणे जितके चुकीचे, तितकेच तपासणीवाचून त्यास स्मृतिभ्रंश ठरवून मोकळे होणेही चुकीचे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, रक्तातील सोडियम उतरणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, खोल नैराश्य, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, यांपैकी कशानेही माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, आणि यांतील बहुतेक गोष्टींवर उपाय आहे. दोन-तीन दिवसांत एकाएकी बिघडलेला माणूस आधी रुग्णालयात नेला पाहिजे. केंद्राचा विचार त्यानंतरचा.

बार्शीत प्राथमिक तपासण्या होऊ शकतात. मेंदूविकारतज्ज्ञ वा मनोविकारतज्ज्ञ यांच्यासाठी सोलापूर गाठावे लागले, तरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातील 'सिव्हिल'चा, मार्ग सर्वांस खुला आहे. निदान लेखी घ्यावे, आणि त्यात आजाराचा प्रकार, सध्याची अवस्था व तारीख नमूद करून घ्यावी. पुढे एखाद्या दस्ताविषयी वाद निघाल्यास या तारखेचे मोल किती, हे कज्जेदलालीत सापडलेल्या कुटुंबांस चांगले ठाऊक आहे.

वेळ आली हे कसे ओळखावे

नाव विसरणे, तेच ते विचारणे, वस्तू हरवणे एवढ्यावरून कोणासही घराबाहेर ठेवण्याचे कारण नाही. विचार करावा तो पुढील लक्षणे स्थिरावल्यावर:

- रात्रीचा जागर नित्याचा झाला आहे, आणि सांभाळणाऱ्याची झोप आठवडेच्या आठवडे मोडली आहे.
- रुग्ण वाट चुकून घराबाहेर जातो, किंवा गॅस, चूल, विजेची बटणे यांपासून त्यास धोका आहे.
- मलमूत्राचे भान गेले आहे, आणि एका माणसाला उचलणे-धुणे झेपत नाही.
- अन्न वा पाणी गिळताना वारंवार ठसका लागतो, वजन घटते आहे, अथवा पाठीला व्रण पडू लागले आहेत.
- संशय व संताप यांमुळे मारहाणीचे प्रसंग घडतात. किंवा, ज्याविषयी घरात कोणी बोलत नाही, सांभाळणाऱ्याचाच हात उठू लागला आहे.

शेवटच्या गोष्टीची लाज वाटून ती लपवू नये. रात्रंदिवस एकटीने राबणारी सून वा पत्नी स्वभावाने क्रूर नसते. तिची शक्ती संपलेली असते, आणि ती संपली हे तिने उघडपणे सांगणे हे रुग्णाच्याच हिताचे आहे. जो मुलगा पुण्यास नोकरीवर राहून "आईला घराबाहेर काढायचे नाही" असा निर्वाळा फोनवरून देतो, त्याने निदान पंधरा दिवस घरी राहून रात्रपाळी करावी, आणि मग आपले मत द्यावे.

महिना लावण्याची रीत

वृद्ध आईबापांस एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे असे फिरते ठेवण्याची रीत आपल्या भागात रूढ आहे, आणि वाटणीच्या न्यायाने पाहता ती वाजवीही वाटते. परंतु स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास तिच्याइतकी घातक व्यवस्था दुसरी नाही. मोरीकडे जाण्याची वाट, खाटेची दिशा, देवाच्या कोनाड्याची जागा या गोष्टी अशा माणसास स्मरणाने कळत नाहीत. त्या देहाच्या सवयीत मुरलेल्या असतात, आणि जागा बदलली की ती सवय मोडते व नवी लागण्यास अनेक आठवडे जातात. महिना पुरता होऊन मन कोठे स्थिरावते न स्थिरावते तोच बोचके बांधले जाते. मग रात्री ओरडणे, कपड्यांत लघवी होणे, "मला माझ्या घरी न्या" असा धोशा लावणे हे सारे नव्याने सुरू होते, आणि प्रत्येक घरी "आमच्याकडे येण्यापूर्वी बरी होती" असे बोलले जाते.

रुग्ण एका जागी राहावा आणि भावंडांनी फिरावे, ही व्यवस्था शक्य तोवर करावी. ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याच्याकडे इतरांनी दरमहा ठराविक रक्कम पाठवावी, आणि वर्षातील काही आठवडे तेथे येऊन सेवेचा भार प्रत्यक्ष उचलावा. हे जमत नसेल, तर एका चांगल्या केंद्रातील स्थिर वास्तव्य हे चार घरांतील फिरत्या वास्तव्यापेक्षा रुग्णास निश्चितपणे सुखाचे होते.

कोणत्या ठिकाणी काय मिळते

'वृद्धाश्रम' या एकाच नावाखाली आपण अनेक भिन्न संस्थांचा समावेश करतो, आणि येथूनच बहुतेक फसगत सुरू होते.

- घरीच परिचारक: ब्यूरोमार्फत मावशी वा काका बारा किंवा चोवीस तासांसाठी मिळतात. घरात जागा आणि देखरेख करणारे एक शहाणे माणूस असल्यास हा पहिला पर्याय.
- साधा वृद्धाश्रम: येथे बहुधा हिंडते-फिरते, स्वतःचे स्वतः करणारे वृद्धच घेतले जातात. आजार लपवून प्रवेश घेतल्यास थोड्याच दिवसांत "घेऊन जा" असा निरोप येतो, आणि रुग्णाचे दोनदा स्थलांतर होते.
- शुश्रूषाकेंद्र: अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची नळी, व्रण, इंजेक्शने यांची व्यवस्था येथे असते; परंतु चालत्या व भ्रमलेल्या रुग्णास सांभाळण्याची तयारी असतेच असे नाही.
- खास डिमेन्शियाचे केंद्र: बंदिस्त पण मोकळे आवार, शिकविलेला सेवकवर्ग आणि दिवसाचा आखीव क्रम ही याची लक्षणे. वसई तालुक्यातील राजोडीचे 'स्नेहांजली', नेरळ येथील डिग्निटी फाउंडेशनची वसाहत, पुण्यातील 'तपस' ही या कार्यासाठी ओळखली जाणारी नावे आहेत.

बार्शीकरांपुढील खरा पेच अंतराचा आहे. सोलापूर सत्तर किलोमीटरांवर आणि पुणे सुमारे दोनशेंवर. तेव्हा उत्तम केंद्र दूर आणि साधारण केंद्र जवळ, असा प्रसंग आल्यास काय करावे? माझा कौल असा की, रुग्ण अद्याप माणसे ओळखत असेल तर जवळचे ठिकाण निवडावे, कारण आठवड्यास एकदा अचानक येणारा नातेवाईक ही सेवकवर्गावरील सर्वांत परिणामकारक देखरेख असते. रुग्ण फार हिंसक असेल, किंवा सारखा बाहेर पळत असेल, तर मात्र अंतराचा विचार दुय्यम मानून शिकविलेल्या माणसांकडेच जावे. पुण्यास राहणाऱ्या मुलामुलींनी केंद्र पुण्यास पाहिले, तर तेथे जाण्याचा रतीब कोण घालणार, हे आधीच ठरवून घ्यावे.

केंद्र पाहावयास जाताना

कळवून एकदा आणि न कळवता एकदा, असे दोनदा जावे. दुसरी खेप संध्याकाळी पाचनंतर करावी, कारण दिवस मावळताना या रुग्णांची अस्वस्थता वाढते, आणि त्या वेळी सेवक कसे वागतात यावरून संस्थेची परीक्षा होते. विचारावयाचे ते असे:

- रात्री किती रुग्णांमागे किती माणसे जागी असतात?
- रुग्णास बांधून ठेवतात काय? झोपेचे औषध कोणाच्या लेखी सूचनेवरून देतात?
- डॉक्टर किती दिवसांनी येतात, आणि तातडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात नेतात?
- मासिक आकारात काय येते, आणि डायपर, औषधे, रुग्णवाहिका, खास परिचारक यांचे किती वेगळे पडतात? अनामत रक्कम मृत्यूनंतर वा मध्येच काढून नेल्यास किती दिवसांत परत मिळते?
- आजार वाढल्यावर, नळीने अन्न देण्याची वेळ आल्यावर, ठेवून घेणार की परत पाठविणार?
- सेवकांस मराठी येते काय? ज्वारीची भाकरी मऊ कुस्करून देण्याची तयारी आहे काय?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक मानू नये. ज्याने आयुष्यभर कमोड पाहिला नाही आणि पोळीपेक्षा भाकरीच खाल्ली, त्याचे अन्न तुटते व पोट बिघडते ते पुष्कळदा आजाराने नव्हे, तर या परकेपणाने. पैसे भरण्यापूर्वी कराराची प्रत घरी आणून वाचावी, आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

सही चालते तोवर करावयाची कामे

या प्रकरणी जितका घोटाळा होतो तितका अन्यत्र कोठेही होत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पुष्कळ लोक असे समजतात की, वडिलांनी एकदा कुलमुखत्यारपत्र लिहून दिले की पुढील सर्व व्यवहार निर्वेधपणे करता येतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की त्या मुखत्यारीचा अधिकारच संपुष्टात येतो. म्हणजे ज्या दिवसासाठी हा कागद करून ठेवला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. त्याचप्रमाणे, काय लिहिले आहे हे न समजणाऱ्या माणसाचा अंगठा दुय्यम निबंधकांसमोर उठवून केलेले खरेदीखत वा बक्षीसपत्र कोर्टात टिकत नाही, आणि त्यावरून झालेला फेरफार रद्द करून घेण्यात भावंडांची उमर खर्ची पडते. अशा अंगठ्याची घाई कोणी करीत असेल, तर घरातील इतरांनी ती वेळीच थांबवावी.

सुरुवातीच्या अवस्थेत, रुग्णास समजते-उमजते तोवर, पुढील गोष्टी त्याच्याच इच्छेने करून घ्याव्यात:

१. मृत्युपत्र: साध्या कागदावरही चालते, नोंदणी सक्तीची नाही, परंतु दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांपैकी एक डॉक्टर असून त्यांनी "लिहून देणारे शुद्धीवर व समजदार आहेत" असे त्याच दिवशी लिहून दिलेले असावे.

२. बँक खाते: पती-पत्नी वा विश्वासू अपत्य यांच्या नावे 'दोहोंपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशा स्वरूपाचे संयुक्त खाते, आणि प्रत्येक ठेवीवर वारसनोंद.

३. निवृत्तिवेतन: हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात लागतो; ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तांस तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. चेहरा ओळखून घेण्याच्या 'जीवन प्रमाण' पद्धतीमुळे रुग्णास कोषागारात वा बँकेत नेण्याचे कारण उरलेले नाही.

४. नामनिर्देशित प्रतिनिधी: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ प्रमाणे कोणत्याही सज्ञान व्यक्तीस, आपल्या उपचारांविषयी पुढे कोणी निर्णय घ्यावेत, हे साध्या कागदावर सही वा अंगठा करून नेमून ठेवता येते.

५. अंतिम उपचारांविषयीची इच्छा: कृत्रिम श्वसन वगैरे नको असल्यास तसे आगाऊ लिहून ठेवता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ही पद्धत सोपी केली असून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेला कागद पुरतो.

वेळ निघून गेली असेल, आणि एकट्या रुग्णाच्या नावे असलेल्या ठेवी त्याच्याच औषधोपचारासाठी मोडणे भाग असेल, तर काय करावे? मानसिक आरोग्याविषयीच्या १९८७ च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालयाने पालक नेमण्याची सोय होती. २०१७ च्या कायद्यात ती राहिली नाही. म्हणून आता उच्च न्यायालयात, घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, पालक म्हणून नेमणूक मागावी लागते, आणि अशा नेमणुका न्यायालयांनी केल्याही आहेत. सोलापूर जिल्हा ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथील खंडपीठाच्या कक्षेत आल्यामुळे त्यासाठी मुंबईच्या खेपा कराव्या लागत नाहीत, हा आपणांस झालेला मोठा दिलासा आहे.

संमती

रुग्णास फसवून, "देवदर्शनास जाऊ" असे सांगून नेणे ही सर्वसाधारण चाल आहे, ती टाळावी. सुरुवातीच्या अवस्थेतील माणसास ठिकाणे दाखवून त्याची पसंती विचारावी, आणि ती पाळावी. ज्यास समजत नाही अशा रुग्णास मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवावयाचे झाल्यास, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ वा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे प्रथम जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी प्रवेश देता येतो. त्यापुढे मुदत वाढविण्याची रीत कायद्यात निराळी दिली आहे. म्हणून केंद्राची या कायद्याखाली नोंदणी आहे काय, हे प्रवेशापूर्वीच विचारावे.

नेण्याचा दिवस आणि पुढील आठवडे

न्यावे ते सकाळी, न्याहारीनंतर, रुग्णाचे मन शांत असताना. सोबत त्याची नेहमीची वाकळ, चष्मा, कानाचे यंत्र, टोपी वा जपाची माळ, आणि घरच्या माणसांची नावे लिहिलेली मोठी छायाचित्रे द्यावीत. दागिने व मूळ कागदपत्रे मात्र मुळीच देऊ नयेत. औषधांची यादी आणि निदानाची प्रत यांच्याबरोबर एक पानभर माहिती लिहून द्यावी: घरात त्यांस कोणत्या नावाने हाक मारतात, आयुष्यभर काय काम केले, पहाटे कितीला उठतात, चहा कसा घेतात, कशाने भितात, कोणता अभंग म्हटला की शांत होतात. ज्याने चाळीस वर्षे आडतीच्या दुकानात हिशेब लिहिला, त्याच्या हाती वही-पेन्सिल दिली तर तो तासभर रमतो. परंतु हे आपण सांगितल्यावाचून केंद्रास कळावयाचे नाही.

पहिल्या काही आठवड्यांत भ्रम व रडणे वाढणे स्वाभाविक आहे, आणि त्यावरून निर्णय चुकला असे लगेच ठरवू नये. "भेटू नका, सवय होऊ द्या" असा महिनाभराचा मज्जाव कोणी केंद्र करीत असेल, तर तो मान्य करू नये. भेटी थोड्या वेळाच्या, ठरलेल्या वारी आणि शक्यतो जेवणाच्या वेळी ठेवाव्यात, म्हणजे आपल्या हाताने चार घास भरवता येतात आणि ताटात काय येते हेही दिसते. निरोप घेताना लांबण लावू नये.

प्रत्येक भेटीत वजन, पाठ, टाचा, नखे व दात पाहावेत. रुग्ण दिवसभर गुंगीत दिसल्यास कोणते औषध सुरू झाले ते त्याच दिवशी विचारावे, कारण मनोविकारावरील काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत पक्षाघात व मृत्यू यांचा धोका वाढतो, आणि 'लेवी बॉडी' प्रकाराच्या रुग्णांत ती विशेष घातक ठरतात.

हक्क व दाद

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीचा २००७ चा कायदा साठ वर्षांवरील प्रत्येकास लागू आहे. त्यातील उपयोगाची कलमे इतकीच:

- ऐपत असून खर्चाचा वाटा न देणाऱ्या अपत्याविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. अपत्य नसल्यास, ज्यास मालमत्ता मिळावयाची तो नातेवाईकही जबाबदार धरला जातो.
- सांभाळण्याच्या अटीवर जमीन वा घर लिहून घेऊन पुढे न सांभाळल्यास ते हस्तांतर कलम २३ प्रमाणे रद्द करून घेता येते. ही अट दस्तातच स्पष्ट शब्दांत घालून घ्यावी.
- कायमचे टाकून देण्याच्या हेतूने ज्येष्ठास कोठेही सोडून जाणे हा कलम २४ प्रमाणे गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रात ठेवून नंतर पैसे व भेटी दोन्ही बंद करणाऱ्यांनी हे कलम नीट वाचावे.

केंद्रातील रुग्णास साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने पूर्ण मनाई आहे, आणि अन्य प्रकारचे बंधनही डॉक्टरांच्या नोंदीवाचून घालता येत नाही. हयगय आढळल्यास प्रथम व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, व्रण वा मार यांची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत, आणि रुग्णास त्याच दिवशी सरकारी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यानंतर नोंदणीकृत आस्थापनेविषयी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, आणि इतर ठिकाणांविषयी समाजकल्याण खात्याकडे अर्ज करावा. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हा, असे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत. वकील देण्याची ऐपत नसल्यास बार्शीच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे मोफत साहाय्य मागता येते. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तेव्हा सांभाळणाऱ्या सुनेने वा पत्नीने अर्ज स्वतःच्या नावे करण्यास संकोच करू नये.